सामायिक सरोवरावरचा दोन देशांचा तंटा कसा समजून घ्यावा

आफ्रिकेच्या नकाशात मलावी या चिंचोळ्या देशाच्या पूर्वेला एक लांबच लांब सरोवर दिसते. मलावीत त्याला मलावी सरोवर म्हणतात, टांझानियात न्यासा आणि मोझांबिकमध्ये नियासा. एकाच पाण्याला तीन काठांवर तीन नावे असली की तेथे कधी ना कधी हद्दीचा प्रश्न उठलेला असतो. म्हणून अशा वादाचा अभ्यास नावांपासून सुरू करावा. कोणता देश कोणते नाव वापरतो आणि आपल्या हातातल्या नकाशात किंवा बातमीत कोणते नाव छापले आहे, हे आधी टिपून ठेवावे, कारण नाव निवडताना लिहिणाऱ्याने नकळत बाजूही निवडलेली असू शकते. या लेखात मी ‘मलावी–न्यासा’ असा जोडशब्द वापरतो आणि मलावी व टांझानिया यांच्यातला वाद उलगडत नेत अभ्यासाची पद्धत सांगतो.

आपल्याकडे शेताच्या बांधावरून तंटा झाला की गावातली जाणती माणसे काही प्रश्न वेगवेगळे करून विचारतात: सातबारा कोणाच्या नावावर आहे, वहिवाट कोणाची आहे, आणि त्या तुकड्यावर कोणाचे पोट चालते? सरोवरांच्या तंट्यातही हेच प्रश्न असतात, पण बातम्यांमध्ये ते एकमेकांत इतके गुंतलेले असतात की पाणी कोणाच्या हद्दीत आहे या प्रश्नाचे उत्तर मिळाले की ते कोणी वापरायचे याचेही उत्तर मिळाले, असे वाटू लागते. तसे ते मिळत नाही. संपूर्ण अभ्यासात हे प्रश्न वेगळे ठेवणे ही या पद्धतीची मुख्य अट आहे.

पाण्याची ओळख आधी

कायद्याच्या कागदांकडे वळण्यापूर्वी सरोवराचा स्वभाव समजून घ्यावा. मलावी–न्यासाचे क्षेत्रफळ सुमारे २९,६०० चौरस किलोमीटर आहे, लांबी साडेपाचशे किलोमीटरांहून अधिक आणि कमाल खोली सुमारे ७०० मीटर. हे आकडे पाठ करून काही साधत नाही. त्यांचा अर्थ लावावा लागतो. इतके खोल पाणी वरपासून तळापर्यंत मिसळत नाही, त्यामुळे साधारण दोनशे-अडीचशे मीटरांखाली प्राणवायूच नसतो आणि मासे वरच्या थरातच राहतात. सरोवरातले पाणी मुख्यतः बाष्प होऊन जाते. नदीवाटे बाहेर पडणारा वाटा त्या मानाने लहान असतो, म्हणून सगळे पाणी बदलायला शतके लागतात. अशा सरोवरात तेल सांडले तर ते वाहून जाईल अशी आशा करता येत नाही. तेलशोधाच्या परवान्याची बातमी वाचताना ही एवढी माहिती हाताशी असली तरी त्या बातमीचे वजन बदलते.

पाणी येते कोठून आणि जाते कोठे, हेही पाहावे. मलावी–न्यासाच्या दक्षिण टोकातून शिरे ही एकच नदी बाहेर पडते आणि पुढे झांबेझीला मिळते. विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात, साधारण १९१५ ते १९३५ या काळात, सरोवराची पातळी इतकी उतरली होती की शिरेतून पाणी बाहेर जाणेच जवळपास थांबले होते आणि नदीच्या मुखाशी वाळू व झाडझाडोरा साचला होता. पातळी अशी वरखाली होत असेल, तर ‘किनारा’ हा शब्द तहात लिहिणाऱ्यांनी कोणत्या वर्षीचा किनारा मनात धरला होता, असा प्रश्न आपोआप उभा राहतो.

तहाचे कलम स्वतः वाचावे

दुसरे काम म्हणजे मूळ कागद शोधणे. आफ्रिकेतल्या बहुतेक सरोवरांच्या सीमा युरोपीय सत्तांच्या तहांतून आल्या आहेत आणि ते तह आज सहज वाचायला मिळतात. मलावी–न्यासाच्या बाबतीत तो तह १ जुलै १८९० रोजी ब्रिटन आणि जर्मनी यांच्यात झाला. याच तहाने हेलिगोलँड बेट जर्मनीकडे गेले आणि झांझिबारवर ब्रिटनचे वर्चस्व जर्मनीने मान्य केले. त्यातल्या पहिल्या कलमात जर्मन प्रदेशाची सीमा सरोवराच्या पूर्व, उत्तर आणि पश्चिम किनाऱ्याने सोंग्वे नदीच्या मुखाच्या उत्तर काठापर्यंत जाते, असे लिहिले आहे. म्हणजे कागदाप्रमाणे जर्मन पूर्व आफ्रिकेची, अर्थात आजच्या टांझानियाची, हद्द पाण्याच्या कडेला संपते. मलावीचा सगळा दावा या वाक्यावर उभा आहे.

मात्र तेथेच थांबू नये. त्याच तहाच्या सहाव्या कलमात स्थानिक परिस्थितीनुसार सीमारेषांत दुरुस्ती करता येईल अशी तरतूद आहे आणि टांझानियाच्या बाजूने बोलणारे तिकडे बोट दाखवतात. कोणताही पक्ष तहातले एकच वाक्य पुढे करतो तेव्हा पुढची-मागची कलमे वाचण्याची सवय अभ्यासकाने लावून घ्यावी.

शेजारच्या हद्दीचा कागदही पाहावा, कारण तुलनेत बरेच काही कळते. याच सरोवरावर मोझांबिकशी असलेली सीमा १९५४ मध्ये ब्रिटन आणि पोर्तुगाल यांनी करार करून सरोवराच्या मध्यावर नेली. लिकोमा आणि चिझुमुलू ही बेटे मात्र त्या वेळच्या न्यासालँडकडेच, म्हणजे आजच्या मलावीकडेच, राहिली आणि आजही ती मोझांबिकच्या पाण्यात असून मलावीची आहेत. एकाच सरोवरावर एका शेजाऱ्याशी मध्यरेषा आणि दुसऱ्याशी किनारा, ही विसंगती टांझानियाला खुपते, आणि ते स्वाभाविक आहे. मलावीचे उत्तर असे की तेथे करार करून रेषा हलवली, येथे तसा करार झालाच नाही. मला दोन्ही बाजूंच्या म्हणण्यात तथ्य दिसते. एक बाजू न्यायाबद्दल बोलते आणि दुसरी कागदाबद्दल, म्हणून ती एकमेकांना भेटत नाहीत.

वहिवाटीचे दाखले

कागदानंतर वहिवाट. तह झाल्यावर प्रत्यक्षात पाणी कोणी वापरले, कोणी कर घेतला, कोणाच्या बोटी फिरल्या आणि दुसऱ्या पक्षाने त्यावर हरकत घेतली का, याचा कालक्रमाने तक्ता करावा. मलावी–न्यासाचा तक्ता मनोरंजक आहे. तहाप्रमाणे जर्मनांची हद्द किनाऱ्यावर संपत असली तरी त्यांची ‘हेर्मान फॉन विसमान’ नावाची सशस्त्र आगबोट या सरोवरावर होती. ऑगस्ट १९१४ मध्ये ब्रिटिशांच्या ‘ग्वेंडोलेन’ या बोटीने तिला पूर्व किनाऱ्यावर, आजच्या लिउली येथे, गाठून निकामी केले. हद्द आणि वापर या दोन वेगळ्या गोष्टी असतात, हे यावरून चांगले दिसते.

पहिल्या महायुद्धानंतर टांगानिका, म्हणजे आजच्या टांझानियाचा मुख्य भूभाग, ब्रिटनच्या ताब्यात आला आणि सरोवराच्या दोन्ही बाजूंना एकच सत्ता राहिली. अशा काळातले दाखले सर्वांत काळजीपूर्वक वाचावे लागतात. मालक एकच असल्यामुळे रेषा नेमकी कोठे आहे याची फिकीर कोणाला नव्हती, आणि त्या काळातल्या काही अहवालांत व नकाशांत सीमा सरोवराच्या मध्यातून दाखवली गेली, तर इतरांत किनाऱ्याने. टांझानिया पहिल्या प्रकारचे दाखले पुढे करतो आणि मलावी दुसऱ्या प्रकारचे. नकाशा हा पुरावा असतो, पण तो कोणी, कोणत्या अधिकाराने आणि कशासाठी काढला होता हे पाहिल्याशिवाय त्याला तहाच्या पंक्तीत बसवू नये.

मग स्वातंत्र्याची तारीख येते. टांगानिका डिसेंबर १९६१ मध्ये स्वतंत्र झाला, मलावी ६ जुलै १९६४ रोजी. त्याच जुलैत कैरो येथे आफ्रिकी एकता संघटनेने ठराव केला की स्वातंत्र्याच्या वेळी ज्या सीमा होत्या त्या सदस्य राष्ट्रे मान्य करतील. वसाहतकाळातल्या रेषा अन्यायाच्या असल्या तरी त्या उकरून काढल्या तर सारा खंड पेटेल, ही भीती त्यामागे होती आणि ती खोटी नव्हती. या ठरावामुळे प्रश्नाचा रोख बदलला. रेषा न्याय्य कोठे असावी याऐवजी त्या दिवशी ती कोठे होती, एवढेच पाहायचे उरले. स्वातंत्र्याच्या सुमारास टांगानिकाच्या विधिमंडळात सरकारतर्फेच सांगितले गेले होते की सरोवराचा कोणताही भाग आपल्या हद्दीत नाही, आणि मलावीच्या हातातला हा बळकट दाखला आहे. १९६७ मध्ये टांझानियाने भूमिका बदलली आणि मध्यरेषेचा दावा औपचारिकपणे मांडला.

वाद आत्ताच का उठला, हे विचारावे

जुने कागद वर्षानुवर्षे पडून असतात. ते एखाद्या वर्षी अचानक बाहेर येतात, त्याला कारण असते. १९६७ चे कारण बरेचसे राजकीय होते. मलावीचे अध्यक्ष हेस्टिंग्ज बांडा यांनी वर्णद्वेषी दक्षिण आफ्रिकेशी आणि पोर्तुगीजांशी जवळीक ठेवली होती, तर ज्युलियस न्येरेरे यांच्या टांझानियाने मुक्तिसंग्रामांना आणि बांडांच्या विरोधकांना आसरा दिला होता. सरोवर हे त्या वैराला मिळालेले एक निमित्त होते. पुढच्याच वर्षी बांडांनी टांझानियाच्या काही जिल्ह्यांवरही हक्क सांगितला. असे अतिरेकी दावे दिसले की ते घासाघीस करण्यासाठी आहेत की मनापासून, याचा अंदाज त्या काळच्या राजकारणातून घ्यावा.

२०११-१२ चे कारण आर्थिक होते. मलावीने सरोवरात तेल आणि वायू शोधण्याचे परवाने दिले आणि टांझानियाने २०१२ च्या मध्यास शोधकाम थांबवण्याची मागणी केली. चार दशके ज्या रेषेवाचून कोणाचे फारसे अडले नव्हते ती तेलाच्या शक्यतेने एकाएकी मोलाची झाली. प्रत्यक्षात तेल मिळालेले नव्हते. त्यामुळे परवान्याच्या काळातल्या बातम्या वाचताना ‘आहे’ आणि ‘असू शकेल’ यांतला फरक पेन्सिलीने खुणा करून ठेवावा. संपत्तीच्या नुसत्या शक्यतेवरून झालेली कटुता प्रत्यक्ष संपत्तीवरून झालेल्या कटुतेइतकीच खरी असते.

कोणाचे पोट किती अवलंबून आहे

आर्थिक सुरक्षितता हा शब्द दोन्ही राजधान्यांतून ऐकू येतो. तो जसाच्या तसा घेऊ नये. प्रत्येक देशाचे सरोवरावरचे अवलंबन स्वतंत्रपणे मोजावे, आणि ते समान निघेल अशी अपेक्षा ठेवू नये.

मलावीला समुद्र नाही. त्याच्या अधिकृत क्षेत्रफळाचा, म्हणजे सुमारे १,१८,५०० चौरस किलोमीटरांचा, जवळपास पाचवा हिस्सा पाणी आहे आणि त्यात वादातला भागही धरलेला आहे. निर्यातीचा मोठा भार तंबाखूवर, विजेचा बहुतांश भार शिरे नदीवरच्या न्कुला, तेदझानी आणि कापिचिरा या केंद्रांवर. सरोवराची पातळी उतरली की शिरेचा प्रवाह घटतो आणि दिवे जातात. २०१७ च्या अखेरीस देशाने हे लांबलचक वीजकपातीच्या रूपाने भोगले. लिवोंडे येथील बंधारा हा प्रवाह सांभाळतो. शिवाय गरीब घरांत जी थोडीफार प्रथिने पोहोचतात ती बऱ्याच अंशी चांबो आणि उसिपा या माशांतून. चांबो हा तिलापियाच्या कुळातला, चवीसाठी नावाजलेला. उसिपा हा लहान मासा वाळवून दूरवर विकला जातो. मलावीच्या सरकारला सरोवराबद्दल तडजोड का जड जाते, हे या तपशिलांवरून कळते.

टांझानियाजवळ हिंदी महासागराचा किनारा आहे, समुद्रतळाशी नैसर्गिक वायूचे मोठे साठे आहेत, व्हिक्टोरिया आणि टांगानिका सरोवरांत वाटा आहे. देश म्हणून त्याचे मलावी–न्यासावाचून फारसे अडत नाही. पण अभ्यास देशाच्या पातळीवर थांबवला तर मोठी चूक होते. क्येला, लुडेवा आणि न्यासा या जिल्ह्यांतली किनाऱ्यावरची गावे पाण्यावरच जगतात. ईशान्य किनाऱ्यावर लिव्हिंगस्टन पर्वत थेट पाण्यात उतरतो, तेथे शेतीला सपाट जमीन थोडी आणि कित्येक ठिकाणी होडी हाच रस्ता. तहाचा शब्दशः अर्थ घेतला तर या गावातल्या बाईने घागर बुडवली की ती परदेशचे पाणी घेते. कोणत्याही सरकारने असा अर्थ त्या बाईवर लादलेला नाही, पण कागदावर तो शिल्लक आहे आणि टांझानियाच्या युक्तिवादाचे नैतिक बळ तेथून येते.

म्हणून एक तक्ता देशांचा आणि दुसरा काठांचा, असे दोन तक्ते करावेत. काठाच्या तक्त्यात कोणता मासा, कोणत्या जाळ्याने, कोणत्या ऋतूत, कोणत्या बाजारात जातो आणि मासळी कोण विकते, हे लिहावे. मासा रेषा ओळखत नाही आणि त्यामागे जाणाऱ्याला ती पाण्यावर दिसत नाही. पालघर जिल्ह्यातल्या ज्या खलाशांना गुजरातच्या बोटींवर काम करताना पाकिस्तानी यंत्रणेने समुद्रातून पकडून नेले, त्यांच्या घरच्यांना हे वेगळे समजावून सांगावे लागणार नाही.

निवाडा कोण करू शकतो

येथे वाचकांची एक गफलत नेहमी होते. समुद्री कायद्याबाबतचा १९८२ चा आंतरराष्ट्रीय करार सरोवरांना लागू होत नाही, त्यामुळे ‘बारा सागरी मैल’ वगैरे हिशेब येथे आणू नयेत. संयुक्त राष्ट्रांचा जलप्रवाहांविषयीचा १९९७ चा करार २०१४ मध्ये अमलात आला. तो न्याय्य व वाजवी वापर आणि शेजाऱ्याची मोठी हानी न करणे ही तत्त्वे सांगतो. पण तो वापराबद्दल आहे, हद्द ठरवत नाही. हेगच्या आंतरराष्ट्रीय न्यायालयात जाण्यासाठी दोन्ही देशांची संमती लागते, मग ती त्या खटल्यापुरती दिलेली असो वा आधीच देऊन ठेवलेली.

न्यायालय अशा वेळी कसा विचार करते हे पाहायचे असेल तर चाड सरोवराचा खटला वाचावा. १९६० च्या दशकाच्या आरंभी सुमारे २५,००० चौरस किलोमीटर असलेले ते सरोवर १९८० च्या दशकाच्या मध्यापर्यंत दोन हजारांच्या आत आले. मागे सरकणाऱ्या पाण्यापाठोपाठ नायजेरियाचे मच्छीमार पुढे गेले, कोरड्या पडलेल्या तळावर त्यांची गावे वसली, आणि त्या गावांना नायजेरियाने शाळा, दवाखाने, प्रशासन दिले. ती जमीन मात्र वसाहतकाळातल्या रेषेप्रमाणे कॅमेरूनची होती. १० ऑक्टोबर २००२ च्या निकालात न्यायालयाने कॅमेरूनचा मूळ हक्क धरला. नायजेरियाची वहिवाट त्यावर मात करू शकली नाही, कारण कॅमेरूनने आपला हक्क सोडल्याचे दिसत नव्हते. नायजेरियाने २००३ च्या अखेरीस त्या गावांतून आपले प्रशासन मागे घेतले. माणसे पाण्यामागे गेली होती, त्यांनी कोणाचा मुलूख जिंकला नव्हता. निकाल कायद्याने नीट असला तरी त्यांच्या बाजूने मला तो वाचताना वाईट वाटते, आणि अभ्यासकाने अशी भावना लपवू नये, फक्त तिला पुराव्याच्या रकान्यात लिहू नये.

मलावी आणि टांझानिया न्यायालयात गेले नाहीत. त्यांनी आफ्रिकेतील माजी राष्ट्रप्रमुखांच्या मंचाकडे मध्यस्थी सोपवली. मोझांबिकचे माजी अध्यक्ष जोआकिम चिसानो यांच्या नेतृत्वाखालच्या या प्रयत्नात दक्षिण आफ्रिकेचे थाबो एम्बेकी आणि बोट्स्वानाचे फेस्टस मोगाए हे माजी अध्यक्षही होते. मध्यस्थाचा निर्णय बंधनकारक नसतो, हे ध्यानात ठेवून अशा बातम्या वाचाव्यात. हद्दीचा अंतिम निर्णय या मार्गाने लागला नाही.

हद्द न ठरताही काय चालते, ते शोधावे

वादाचा अभ्यास करणारे बहुतेक जण निवाड्याची वाट पाहतात आणि सर्वांत उपयोगी भाग त्यांच्या नजरेतून सुटतो. सोंग्वे नदी मलावी–टांझानियाची सीमा आहे आणि पुरात तिच्या खालच्या भागातले पात्र सरकते, त्याबरोबर शेतेही कधी या देशात तर कधी त्या देशात जातात. सरोवरावरून वाद चालू असतानाच दोन्ही देशांनी या नदीच्या खोऱ्यासाठी धरण, वीज आणि पात्र स्थिर करण्याची संयुक्त योजना आखली आणि २०१७ मध्ये संयुक्त आयोगाचा करार केला. ज्या दोन सरकारांना सरोवरावर एक वाक्य संमत करता येत नाही त्यांना नदीवर दस्तऐवज संमत करता आला, कारण तेथे त्यांनी मालकीचा प्रश्न बाजूला ठेवून पुराचा आणि विजेचा प्रश्न हाती घेतला.

याहून पुढे गेलेले उदाहरण टिटिकाका सरोवराचे आहे. पेरू आणि बोलिव्हिया यांनी १९५० च्या दशकातच त्या पाण्यावर अविभाज्य संयुक्त मालकीचे तत्त्व स्वीकारले आणि १९९६ मध्ये पाण्याच्या व्यवस्थेसाठी दोघांचे एक प्राधिकरण उभे केले. पुनो आणि एल आल्तो या शहरांचे सांडपाणी अजूनही त्या सरोवरात जाते, म्हणजे संयुक्त मालकीने प्रदूषण आपोआप थांबत नाही. रवांडा आणि तेव्हाचे झैर (आजचे काँगो लोकशाही प्रजासत्ताक) यांनी किवू सरोवराच्या तळाशी विरलेल्या मिथेन वायूबाबत १९७५ मध्येच करार केला होता. तो वायू अविचाराने काढला तर दोन्ही काठांवरच्या लाखो लोकांच्या जिवाला धोका आहे, म्हणून तेथे सहकार्य ही गरज आहे, पण दोन देशांमधले वैर त्या कराराने मिटलेले नाही. व्हिक्टोरिया सरोवरातल्या मिगिंगो या एकरभराहूनही लहान बेटावरून केनिया आणि युगांडा यांच्यात २००९ मध्ये तणाव वाढला, तेव्हा बेट केनियाचे पण भोवतालचे पाणी आपले, अशी भूमिका युगांडाकडून मांडली गेली. त्या भागात नाइल पर्च हा महागडा मासा मिळतो, हे लक्षात घेतले की खडकाहून पाणी का प्रिय, ते समजते.

अशी प्रत्येक व्यवस्था तपासताना ती कोणी सुरू केली, पैसा कोण देते, तंटा झाला तर कोणाकडे जायचे आणि मच्छीमारांचा माणूस त्या बैठकीत बसतो का, हे शोधून टिपावे. शेवटच्या प्रश्नाचे उत्तर करारात क्वचितच असते. ते स्थानिक वृत्तपत्रांत, मासळी बाजाराच्या वार्तांकनात आणि जिल्हा पातळीवरच्या बैठकांच्या बातम्यांत शोधावे लागते.

टिपणांवरून लेख लिहिताना वादग्रस्त भागाला ‘मलावीचे पाणी’ किंवा ‘टांझानियाचे पाणी’ न म्हणता ‘ज्यावर दोघांचा दावा आहे असे ईशान्येकडचे पाणी’ असे म्हणावे. सोबत नकाशा देत असाल तर त्यावर किनाऱ्याची आणि मध्याची अशा दोन्ही रेषा तुटक काढून प्रत्येकीखाली ती कोणाची आणि कोणत्या वर्षीची आहे, ते लिहावे.